रुग्णालयाच्या टाळता येण्याजोग्या चुकीचे पैसे रुग्णालयाला मिळावेत का?

माणदेशी (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. काही महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांच्या खुब्याचे हाड मोडले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका खासगी रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परंतु त्यानंतर अंथरुणावर पडून असताना त्यांच्या माकडहाडापाशी जखम झाली, ती आमच्या लक्षात येईपर्यंत खोलवर गेली होती, आणि तिच्या उपचारासाठी त्यांना शस्त्रक्रियेपेक्षा अधिक दिवस रुग्णालयात राहावे लागले. अंतिम बिलात एअर बेडचे दररोजचे भाडे, जखम साफ करण्यासाठी दोनदा वापरलेल्या ऑपरेशन थिएटरचे शुल्क, प्रतिजैविके, ड्रेसिंगचे साहित्य आणि वाढीव दिवसांचे खोलीभाडे हे सर्व ओळीने मांडलेले होते. मेडिक्लेमची रक्कम शस्त्रक्रियेतच बरीचशी संपली होती, त्यामुळे जखमेचा खर्च जवळजवळ सगळा आमच्या खिशातून गेला.

केस पेपरमध्ये दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद करण्याचा तक्ता आहे. त्यात 'डावी, पाठ, उजवी' असा क्रम कुठेही न चुकता भरलेला आहे. मात्र रात्रीच्या सर्व नोंदी एकाच शाईत आणि एकाच हाताने, सलग बसून लिहिल्यासारख्या दिसतात, आणि ज्या दुपारी वडिलांना एक्स-रेसाठी तळमजल्यावर नेले होते, त्या वेळीही ते 'डाव्या कुशीवर' असल्याचे तिथे लिहिलेले आहे.

माझी बहीण अमेरिकेत असते. तिने सांगितले की तिकडे मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) अशा जखमेच्या उपचाराचे पैसे रुग्णालयाला देत नाही आणि रुग्णाकडूनही ते घेऊ देत नाही. शिंप्याने कापड बिघडवले तर तो शिलाई मागत नाही, उलट कापडाची भरपाई करतो, हा व्यवहार आपण सगळेच मानतो. मग रुग्णालयाच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या इजेवर उपचार करण्याचा मोबदला त्याच रुग्णालयाला का मिळावा? माझा प्रश्न नुकसानभरपाईचा नाही, फक्त मोबदल्याचा आहे. अमेरिकेतला नियम नेमका काय आहे आणि तो आपल्याकडे असावा का, याबद्दल जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

---

हडसनकाठ

माणदेशी, आपले वडील आता बरे असतील अशी आशा करते. मी न्यू जर्सीतील एका रुग्णालयात मेडिकल कोडिंगचे, म्हणजे रुग्णाचे निदान आणि उपचार बिलासाठी ठरावीक संकेतांत नोंदण्याचे काम करते, त्यामुळे हा नियम माझ्या रोजच्या कामातला आहे. आपल्या बहिणीने सांगितले ते खरे आहे. फक्त त्याचा तपशील समजून घेणे आवश्यक आहे, कारण सगळी मेख तपशिलातच आहे.

१९९९ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एक अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात अमेरिकेतील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत, असा अंदाज मांडला. त्यानंतर २००२ मध्ये नॅशनल क्वालिटी फोरमने कधीही घडू नयेत अशा २७ घटनांची यादी केली. चुकीच्या अवयवावर शस्त्रक्रिया, पोटात राहिलेले साहित्य, न जुळणाऱ्या गटाचे रक्त, रुग्णालयात झालेले खोल शय्याव्रण (अंथरुणावर पडून राहिल्याने होणारी जखम) अशा घटना तिच्यात होत्या. मिनेसोटा राज्याने या घटना जाहीर करणे रुग्णालयांना बंधनकारक केले. पुढे मेडिकेअरने संसदेच्या कायद्याच्या आधारे १ ऑक्टोबर २००८ पासून मोबदल्याचा नियम लागू केला.

त्याची रचना अशी आहे. मेडिकेअर रुग्णालयाला प्रत्येक सुईचे आणि प्रत्येक दिवसाचे वेगळे पैसे देत नाही. आजार आणि उपचार पाहून रुग्णाला एका गटात बसवते आणि त्या गटाची ठरलेली रक्कम देते. रुग्णाला गुंतागुंत झाली की त्याचा गट वरचा होतो आणि रक्कम वाढते. २००८ च्या नियमाने एवढेच म्हटले की यादीतली गुंतागुंत रुग्णालयातच उद्भवली असेल, तर गट ठरवताना ती जमेस धरायची नाही. म्हणजे खुब्याच्या शस्त्रक्रियेची रक्कम मिळते, जखमेमुळे वाढणारी रक्कम मिळत नाही, आणि ती रुग्णाकडे मागताही येत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचे, म्हणजे कातडीखाली खोलवर गेलेले शय्याव्रण या यादीत पहिल्यापासून आहे. चुकीच्या रुग्णावर, चुकीच्या जागी किंवा चुकीची शस्त्रक्रिया झाली तर मात्र २००९ पासून मेडिकेअर त्या शस्त्रक्रियेचे काहीच पैसे देत नाही. त्यानंतर ऑक्टोबर २०१४ पासून आणखी एक तरतूद आली: रुग्णालयात होणाऱ्या संसर्गात आणि इजांत ज्या रुग्णालयांची कामगिरी सर्वांत वाईट चतुर्थांशात मोडते, त्यांच्या मेडिकेअरच्या एकूण रकमेतून एक टक्का कापला जातो.

माझ्या मते या नियमाने सर्वांत मोठा बदल पैशांत नव्हे, नोंदीत घडवला. प्रत्येक निदानापुढे ते दाखल होताना होते की नव्हते, याची खूण करणे आम्हाला सक्तीचे झाले. त्यामुळे आता रुग्ण वॉर्डात आला की परिचारिका त्याची पाठ, टाचा, खुबे उघडून पाहते, जखम असेल तर मोजते आणि तिचे छायाचित्र काढते. कारण त्या वेळी नोंदायचे राहून गेले, तर जखम घरून आलेली असली तरी ती रुग्णालयाच्या माथी बसते. हेतू स्वार्थाचा असो वा सेवेचा, पहिल्याच दिवशी रुग्णाची पाठ पाहिली जाते, हे मला फार मोलाचे वाटते.

मर्यादाही सांगायला हवी. वृद्ध रुग्णाला बहुधा इतरही व्याधी असतात, आणि त्यांच्यामुळे त्याचा गट आधीच वरचा झालेला असतो. अशा वेळी जखम वगळली तरी रक्कम तीच राहते. त्यामुळे रुग्णालयाला या नियमाचा प्रत्यक्ष आर्थिक फटका फारसा बसत नाही.

---

सांगलीकर सर्जन

मी लहानशा शहरात सर्वसाधारण शल्यचिकित्सा करतो. धागाकर्त्यांच्या वडिलांना जे सोसावे लागले ते गंभीर आहे, आणि तक्त्याबद्दल त्यांनी लिहिले ते खरे असेल तर त्याचे कोणत्याही डॉक्टरने समर्थन करू नये. परंतु शिंप्याचे उदाहरण मला पटत नाही. कापड शिंप्याकडे येते तेव्हा ते धडधाकट असते. आमच्याकडे येणारा माणूस मधुमेह, रक्तक्षय, कुपोषण आणि तंबाखूची पंचवीस-तीस वर्षे बरोबर घेऊन येतो.

'टाळता येण्याजोगी चूक' या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात. पोटात मॉप (शस्त्रक्रियेत रक्त टिपण्याचे कापड) राहिला, तर त्याला दुसरे कोणतेही स्पष्टीकरण नसते. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करताना एका स्त्रीच्या पोटात मॉप राहिला आणि ती दगावली. त्या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून १९९६ साली लागला आणि खालच्या न्यायालयाने मंजूर केलेले ३६,००० रुपये कायम झाले. ही वस्तू आत राहिली यातच हयगय सिद्ध होते, अशी न्यायालयाची भूमिका होती आणि ती सर्वथैव योग्य होती. अशा घटनेत मोबदला घेणे तर दूरच, दुसऱ्या शस्त्रक्रियेचा, औषधांचा आणि राहण्याचा सगळा खर्च रुग्णालयाने स्वतःहून उचलला पाहिजे, आणि नातेवाइकांनी मागण्याची वाट पाहता कामा नये.

शस्त्रक्रियेच्या जखमेतला जंतुसंसर्ग मात्र निराळा. सगळे नियम पाळूनही काही टक्के रुग्णांत तो होतोच. फुटलेल्या आतड्याचा रुग्ण चोवीस तास उशिरा माझ्याकडे आला आणि त्याची जखम चिघळली, तर ती माझी चूक कशी ठरवणार? आणि ती चूक ठरवून पैसे कापायचे म्हटले, तर असे रुग्ण दाखल करून घेणेच डॉक्टर टाळू लागतील. 'इथे सोय नाही, पुढे मिरजेला न्या' हे वाक्य आजही रात्री-अपरात्री किती नातेवाइकांना ऐकावे लागते, हे मी जवळून पाहिले आहे. त्यात आणखी भर पडेल.

शिवाय पैसे रोखल्याने इजा कमी होतात का? २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ३९८ अमेरिकी रुग्णालयांचा अभ्यास आला. मेडिकेअरच्या नियमामुळे सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) आणि लघवीच्या नळीच्या संसर्गात काही वेगळी घट झाल्याचे त्यात आढळले नाही. संसर्ग आधीपासूनच कमी होत होते आणि त्याच गतीने कमी होत राहिले. इंग्लंडमध्येही राष्ट्रीय आरोग्य सेवेने अशा घटनांसाठी पैसे रोखण्याची तरतूद ठेवली होती. २०१८ मध्ये ती काढून टाकली, कारण दंडाच्या भीतीने लोक चूक सांगत नाहीत आणि चूक कळली नाही तर ती सुधारता येत नाही.

धागाकर्त्यांना एक विचारतो. वडील दाखल झाले तेव्हा त्यांच्या पाठीची तपासणी होऊन तशी नोंद झाली होती का? घरी पडल्यावर ते किती वेळ तसेच पडून होते? दोष कुणाचा, हे त्यावर बरेच अवलंबून आहे.

---

रातपाळी

मी परिचारिका आहे, बरीच वर्षे अतिदक्षता विभागात काढली आहेत. डॉक्टरसाहेबांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु शय्याव्रण हे जंतुसंसर्गाच्या पंगतीत बसवण्यासारखे नाही. अत्यवस्थ, रक्तदाब खालावलेल्या मोजक्या रुग्णांत सगळे करूनही ते होते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर असलेल्या, जेवणाऱ्या माणसाला हाडापर्यंत जखम होणे याचा अर्थ त्याला कुणी वळवले नाही, एवढाच असतो. शिवाय ती एका रात्रीत होत नाही. आधी कातडी लाल होते, दाबून पाहिले तरी तो लालपणा जात नाही, मग फोड येतो, मग साल निघते. रोज अंग पुसताना पाठ पाहिली, तर दुसऱ्या टप्प्याच्या आत कुणाच्या तरी लक्षात येतेच.

आता तो तक्ता असा का भरला जातो, तेही लिहिते, कारण ते सांगितल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील. रात्रपाळीला तीस खाटांच्या वॉर्डात एक सिस्टर, एक शिकाऊ मुलगी आणि एक मावशी असतात. प्लॅस्टर किंवा ट्रॅक्शन असलेल्या जड माणसाला वळवायला निदान दोघी लागतात. दर दोन तासांनी आठ रुग्ण वळवायचे, त्यातच इंजेक्शने द्यायची, सलाइन बदलायच्या, नवा रुग्ण घ्यायचा. हे माणसाच्या हातून होत नाही, परंतु तक्ता रिकामा दिसला तर सकाळी मेमो सिस्टरला मिळतो, व्यवस्थापनाला नाही. म्हणून पहाटे पाच वाजता तक्ता भरला जातो. हे चूकच आहे आणि मी त्याचे समर्थन करत नाही. पण पैसे कापण्याचा नियम आला आणि खाटांमागची परिचारिकांची संख्या तीच राहिली, तर जखमा तितक्याच होतील आणि तक्ते मात्र आणखी सुबक भरले जातील.

सुधारणा होऊ शकते, याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन घालताना पाच साध्या गोष्टी पाळण्याची पद्धत शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत बसवली: हात धुणे, क्लोरहेक्सिडिनने कातडी स्वच्छ करणे, टोपी-मास्क-गाऊनसह पूर्ण आच्छादन, शक्यतो मांडीची शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार तिथे परिचारिकेला दिला होता. दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असणे म्हणजे एक नळी-दिवस) संसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ होते, ते दीड वर्षात १.४ वर आले. हे २००६ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे मेडिकेअरच्या नियमाच्या आधी. डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे किती परिचारिकांना आहे? मॉपची मोजणी जुळत नाही असे सांगितल्यावर 'तुम्ही परत मोजा, मी टाके घेतो' असे उत्तर ऐकलेल्या सिस्टर मला ठाऊक आहेत.

---

केतकीचे बन

एक साधा मुद्दा. पैसे रोखल्याने इजा कमी होतात की नाही, हा एक प्रश्न. आणि इजेचा खर्च कुणी सोसावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'नाही' आले तरी दुसऱ्याचे उत्तर 'रुग्णाने' असे होत नाही. डॉक्टरसाहेबांनी दिलेला अभ्यास पहिल्या प्रश्नाबद्दल आहे, आणि धागाकर्त्यांनी विचारला आहे तो दुसरा.

---

क्लेम विभाग, निवृत्त

केतकी यांचा मुद्दा मला मूलगामी वाटतो. मी आरोग्य विम्याच्या दाव्यांचे काम केले आहे, म्हणून आपल्याकडची पैशांची बाजू लिहितो.

आपल्याकडे खासगी रुग्णालयात बहुतांश बिल बाबवार होते. प्रत्येक दिवस, प्रत्येक ड्रेसिंग, प्रत्येक व्हिजिट वेगळी लागते. अशा पद्धतीत गुंतागुंत झाली की रुग्णालयाचे उत्पन्न वाढते, कमी होत नाही. कुणी मुद्दाम इजा करतो असे मी म्हणत नाही आणि तसा अनुभवही मला नाही; परंतु इजा टाळण्यासाठी दोन सिस्टर जास्त ठेवल्या तर तो खर्च रुग्णालयाचा, आणि त्या न ठेवल्याने इजा झाली तर तिचे उत्पन्नही रुग्णालयाचे, ही रचना मुळातच चुकीची आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील बारा रुग्णालयांच्या एका समूहाचा अभ्यास २०१३ साली 'जामा' या नियतकालिकात आला होता. खासगी विमा असलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली, तर उपचाराचा थेट खर्च वजा जाता रुग्णालयाकडे उरणारी रक्कम सरासरी ३९,००० डॉलरने वाढत होती. मेडिकेअरच्या रुग्णात ही वाढ दोन हजार डॉलरही नव्हती. आजार तेच आणि रुग्णालयेही तीच, फरक होता तो पैसे देण्याच्या पद्धतीत.

याउलट, आयुष्मान भारत योजनेत उपचाराचे पॅकेज ठरलेले असते आणि उपचारादरम्यानची गुंतागुंत त्याच पॅकेजमध्ये धरलेली आहे. म्हणजे धागाकर्ते जे मागत आहेत ते तत्त्व आपल्या सरकारी योजनेत एका अर्थाने आधीच आहे. दोष असा की तिथे सगळीच गुंतागुंत पॅकेजमध्ये येते, टाळता येणारी आणि न येणारीही. त्यामुळे डॉक्टरसाहेब म्हणतात ती भीती खरी ठरते: रुग्ण लवकर घरी पाठवला जातो किंवा जड रुग्ण घेतलाच जात नाही. पेनसिल्व्हेनियातील गाइसिंगर या संस्थेने २००६ साली बायपास शस्त्रक्रियेसाठी एकच दर ठरवला आणि त्यानंतरच्या ९० दिवसांतल्या संबंधित गुंतागुंतीचा खर्च त्यातच धरला. मात्र तो दर ठरवताना अपेक्षित गुंतागुंतीचा काही खर्च आधीच त्यात मिळवला होता. दर पुरेसा असेल तर हमी देणे परवडते. आपल्या पॅकेजचे दर तसे आहेत असे रुग्णालये मानत नाहीत, आणि त्यांच्या या तक्रारीत तथ्य आहे.

मेडिक्लेममध्ये आणखी एक अन्याय आहे, ज्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. विमा कंपनीने गुंतागुंतीचे पैसे दिले, तरी ते रुग्णाच्या विमा रकमेतूनच जातात. वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत दुसरा आजार आला तर संरक्षण उरत नाही. म्हणजे विमा असूनही रुग्णालयाच्या चुकीची किंमत रुग्णच मोजतो. आणि विमा कंपनीने उद्या 'ही टाळता येण्याजोगी चूक आहे, आम्ही देणार नाही' असे म्हटले, तर आजच्या व्यवस्थेत रुग्णालय ते पैसे घेतल्याशिवाय रुग्णाला घरी सोडणार नाही. म्हणून आपल्याकडे असा नियम आणायचा तर पहिले वाक्य 'रुग्णालयाला पैसे देऊ नयेत' हे नसावे. 'ही रक्कम रुग्णाकडून घेता येणार नाही' हे असावे. तेवढे वाक्य आधी आले नाही, तर नियमाचा सगळा भार रुग्णावरच पडेल.

माणदेशी, आपल्यापुरते सांगायचे तर वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत केस पेपरच्या प्रती मिळायला हव्यात. त्या लेखी अर्जाने मागा आणि अर्जाची पोच घ्या. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षे आहे. त्याआधी रुग्णालयाकडे जखमेच्या उपचाराचा खर्च परत मागणारे पत्र द्या. बरीच रुग्णालये अशा पत्रानंतर बोलायला तयार होतात.

---

हडसनकाठ

सांगलीकर डॉक्टरांच्या आक्षेपाला एक पुस्ती जोडते. मेडिकेअरच्या यादीत रुग्णाने पडून इजा करून घेणे हेही आहे, आणि तिथे उलटा परिणाम होण्याची भीती तज्ज्ञांनी सुरुवातीलाच मांडली होती. पडू नये म्हणून वृद्धांना खाटेवरून उठूच दिले नाही, तर पाय आखडतात, गोंधळलेपण वाढते आणि पाठीला जखमाही होतात. म्हणून यादी जितकी लहान आणि जितकी निर्विवाद, तितकी ती न्याय्य. मॉप, चुकीचे रक्त, चुकीची बाजू आणि खोल शय्याव्रण एवढ्या चार गोष्टींपासून महाराष्ट्रात सुरुवात झाली, तर डॉक्टरांचाही तिला विरोध नसावा.

---

सांगलीकर सर्जन

पहिल्या तीन बाबींना माझा विरोध नाही. चौथीसाठी दाखल होतानाची नोंद सक्तीची असेल आणि वॉर्डातील परिचारिकांची किमान संख्या त्याच नियमात लिहिलेली असेल, तर तिलाही नाही. रातपाळीताईंनी लिहिले आहे ते वाचून ही दुसरी अट मला पहिलीइतकीच आवश्यक वाटू लागली आहे.

---

माणदेशी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, आपल्या प्रश्नाचे उत्तर: वडील घरी पडले तेव्हा आई शेजारीच होती आणि तासाभरात आम्ही रुग्णालयात पोहोचलो. दाखल होतानाच्या तपासणी-पत्रकात 'त्वचा' असा रकाना आहे, परंतु तो कोरा आहे.

रातपाळीताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. तक्ता ज्यांनी भरला त्या सिस्टरच्या विरोधात काही लिहिण्याची माझी इच्छा नाही. त्यामुळे पत्रात मी फक्त रुग्णालयाच्या व्यवस्थेबद्दल लिहिणार आहे आणि तीनच मागण्या करणार आहे: जखमेच्या उपचाराचा बाबवार खर्च वेगळा काढून द्यावा, तो परत करावा, आणि त्या आठवड्यात रात्रपाळीला वॉर्डात किती परिचारिका होत्या ते लेखी कळवावे. क्लेम विभागातील काकांना विनंती, की तिसरी मागणी पहिल्याच पत्रात घालावी की नंतरच्या, हे सांगावे. अर्ज सोमवारी देणार आहे.